ग्रामपंचायत मेंबर आणि गावची कामं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दोन पंचवार्षिकं गावच्या बॉडीत होतो. पद संपलं, फोन काही संपले नाहीत. "दादा, आमचा मेंबर लक्षच देत नाही", "दादा, ठराव झालाय म्हणतात, खरं का?" असं रोज कुणी ना कुणी विचारतं. तेच तेच सांगून घसा बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. यातलं सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपुरतं आहे. गावाची नगरपंचायत झाली असेल तर कायदा वेगळा. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. मेंबरच्या हातात नेमकं असतं तरी काय? सगळं सरपंचच करतो ना?

एकट्या मेंबरच्या हातात जवळजवळ काहीच नसतं. त्याला चेकवर सही करता येत नाही, कुणाला दाखला देता येत नाही, पंचायतीच्या शिपायालाही स्वतःच्या अधिकारात हुकूम सोडता येत नाही. पैशाच्या व्यवहाराला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या सह्या लागतात. (ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे २०२४ पर्यंतचा ग्रामसेवक. गावात आजही भाऊसाहेबच.)

पण तो पैसा कशावर खर्चायचा हे मासिक सभेत ठरतं, आणि तिथे सरपंचाला मेंबरांच्या माना डोलवून घ्याव्या लागतात. म्हणजे मेंबरचं वजन महिन्यातून एकदा, सतरंजीवर किंवा टेबलाभोवती, दोन-तीन तास. बाकीचे दिवस तो तुमच्या-आमच्यासारखा गावकरी, फक्त त्याचा फोन जास्त वाजतो. हे एकदा लक्षात आलं की मेंबरकडून काय मागायचं आणि काय नाही, याचा अर्धा गुंता सुटतो.

२. आमच्या गावात मेंबर किती असायला हवेत?

लोकसंख्येप्रमाणे, कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७. दीड हजार वस्तीपर्यंत ७, पुढे दर दीड हजारामागे दोन वाढतात, साडेसात हजारांच्या पुढे १७. थेट जनतेतून निवडून आलेला सरपंच यात धरलेला नाही. एका वॉर्डात साधारण दोन किंवा तीन जागा असतात, म्हणून मतदान करताना तुम्हाला तेवढी बटणं दाबावी लागतात.

३. मला उभं राहायचंय. काय काय लागतं?

त्या गावच्या मतदारयादीत नाव आणि २१ वर्षं पूर्ण. जन्म १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर झालेला असेल तर किमान सातवी पास. घरात शौचालय असून त्याचा वापर होत असला पाहिजे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलांमुळे हयात अपत्यं दोनच्या वर गेली असतील तर अर्ज बाद होतो. जुळी झाली तर ते एक बाळंतपण धरतात. राखीव जागेवर असाल तर जातवैधता प्रमाणपत्राची मुदत डोक्यात ठेवा, निवडून आल्यावर पद जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

पक्षाचं चिन्ह ग्रामपंचायतीला नसतं. पॅनेल असतं, आणि पॅनेलमागे कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, ती गोष्ट वेगळी. थकबाकी आणि अतिक्रमणावरून पद कसं जातं ते प्रश्न १३ आणि १४ मध्ये आहे.

४. गल्लीतली गटार तीन महिने तुंबली आहे. मेंबरला दहा वेळा सांगितलं, "करू, करू" म्हणतो. आता काय?

दहा वेळा तोंडी सांगितलंत, हीच अडचण आहे. तोंडी तक्रार पारावर विरते.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी आमच्या आळीच्या गटारीचा विषय लागोपाठ तीन मासिक सभांत काढला. प्रत्येक वेळी सगळ्यांनी "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हटलं. चौथ्या सभेत मी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, मागून घेतलं आणि मागची पानं चाळली. तिन्ही ठिकाणी एकच ओळ : "ऐनवेळचे विषय : अध्यक्षांच्या परवानगीने विविध विषयांवर चर्चा झाली." गटारीचं नाव नाही, आळीचं नाव नाही, माझंही नाव नाही. दप्तराच्या हिशोबाने मी तीन महिने काही बोललोच नव्हतो. त्यात कुणाचा कावा होता असंही नाही, लिहिणाऱ्याने हात आखडता घेतला एवढंच. त्या दिवसापासून मी विषय आधी पत्राने द्यायला लागलो.

तुम्हीही तसंच करा. साधा कागद घ्या. गटार कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, किती फूट, कधीपासून तुंबली, हे लिहा. शेजारच्या पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोच म्हणजे तुमच्या हातातलं खरं हत्यार. मग तिचा फोटो मेंबरला पाठवा आणि सांगा, "पुढच्या मिटिंगच्या विषयांत हे घ्या." चांगल्या मेंबरला असा कागद आवडतोच, कारण त्यालाही सभेत बोलायला आधार मिळतो.

सभा झाली की एकच विचारायचं : ठराव नंबर काय? नंबर असेल तर काम आज ना उद्या होतं. नंबर नसेल तर पुढच्या ग्रामसभेत उभे राहा. तिथूनही हललं नाही तर पोचेची झेरॉक्स जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज.

दिवाबत्तीचंही असंच. फक्त खांबाचा नंबर लिहायला विसरू नका. "मारुतीच्या देवळाजवळचा दिवा" असं लिहिलं की वायरमन दुसराच दिवा दुरुस्त करून जातो.

५. मासिक सभा आणि ग्रामसभा एकच ना?

नाही. मासिक सभा बॉडीची, म्हणजे सरपंच, उपसरपंच, मेंबर आणि लिहायला भाऊसाहेब. ती महिन्यातून किमान एकदा झालीच पाहिजे. ग्रामसभा गावाची, मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. तिथे मेंबरला तुमच्याहून जास्त मत नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. वर्षानुवर्षं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होत आल्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरकतात, म्हणून बायकांनी तारीख विचारत राहावं.

६. आमच्याकडे ग्रामसभेला माणसंच येत नाहीत. कोरमअभावी तहकूब झाली की विषय संपला का?

कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तो. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं लागतात, बाराशेच्या गावात शंभरावर भागतं. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही.

इथेच खरी मेख आहे. पहिल्या दिवशी दवंडी झाली, फलकावर नोटीस लागली, कुणी आलं नाही. आठवड्याने वीस-पंचवीस जणांत तेच विषय मंजूर होतात आणि ते सगळ्या गावाला लागू. नंतर "आम्हाला कळलंच नाही" म्हणून उपयोग नसतो. पहिल्या सभेला जमलं नाही तरी तहकुबीच्या सभेला चुकू नका, असं मी सगळ्यांना सांगतो.

७. दाखल्यावर मेंबरची सही लागते का?

लागत नाही. जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदीचे दाखले, येणे बाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा, निराधार असल्याचा दाखला, हे सगळं ग्रामपंचायतीतून, ठरलेल्या फीमध्ये आणि ठरलेल्या दिवसांत मिळायला हवं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात या सेवा येतात. "मेंबरला भेटून या" असं कुणी म्हणालं तर नियम दाखवायला सांगा.

दोन गोष्टींचा घोळ नेहमी होतो. नमुना ८ हा घराचा, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा. सातबारा आणि आठ-अ शेतीचे, ते तलाठ्याकडे, आणि त्यावर पंचायतीचा काही अधिकार नाही. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. वर्ष उलटलं की तीच नोंद तुम्हाला तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालायला लावते. गावात मयत झाली की तेराव्याच्या आत त्या घरी नोंदीची आठवण करायची, हे मेंबरचं काम कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण त्या घराला पुढे वारस लावताना, पेन्शनला, बँकेत त्याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा दहा भाषणांचा होत नाही.

८. नळाला गढूळ पाणी येतंय. मेंबर म्हणतो, पाणीपुरवठा समितीला विचारा. खरं का?

अर्धं खरं. गावात पाणीपुरवठा व स्वच्छतेची समिती असते आणि योजनेची देखभाल ती बघते. पण ती ग्रामपंचायतीचीच समिती आहे. मेंबरने तिच्याकडे बोट दाखवणं म्हणजे घरमालकाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवणं.

विचारायचं ते असं : टाकी शेवटची कधी धुतली? तारीख टाकीवरच रंगवलेली असायला हवी. टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) रोज टाकतात का? पोतं कुठे ठेवलंय? ओल्या खोलीत तोंड उघडं टाकलेलं पोतं असेल तर पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. मग तुम्ही पाण्यात कितीही टाका, ती नुसती चुन्याची भुकटी.

ओटी टेस्ट समोर करायला सांगा. आरोग्यसेवकाकडे किंवा जलसुरक्षकाकडे छोटी बाटली असते. नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात दोन-चार थेंब सोडले की पाणी पिवळं व्हायला हवं. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. ही टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळाला करून उपयोग नाही, शेवटच्या घराच्या नळाला करायची. आमच्याकडे पहिला नळ नेहमी पिवळा आणि वरच्या आळीचा शेवटचा पांढराच. पाइप खणून बघितला तर गटारीतून गेलेल्या जोडाला गळती होती. वर्षभर टीसीएल कमी पडतंय म्हणून आम्ही भाऊसाहेबांच्या नावाने ओरडत होतो.

वर्षातून दोनदा आरोग्य विभाग गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो आणि पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. आपलं कोणतं, हे ग्रामसभेत विचारा. जलजीवन मिशनचं माप दर माणशी रोज ५५ लिटर आहे, तेवढं येतं का तेही.

ज्यांना पाण्यावर खरंच काम करायचंय त्यांनी हिवरे बाजारला एक चक्कर मारावी. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्या हिशोबाने पिकं ठरवतात. पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला त्या गावाचं अप्रूप आहे ते बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, हे बंधन लोकांनी स्वतःला घालून घेतलं याचं.

९. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान यांत मेंबर काही करू शकतो का?

२४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी आहे. त्यात प्राथमिक शिक्षणही आहे आणि रेशनव्यवस्थाही. यादी मोठी, हातात मात्र थोडं. मेंबर गुरुजींची बदली करू शकत नाही, रेशन दुकानाचा परवाना रद्द करू शकत नाही.

तरी दारं आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधीही. तो कोण आहे ते शोधा. समितीच्या बैठकीत तो बोलतो की नुसता चहा घेऊन येतो, हेही कळेल. शाळेची गळकी कौलं, शौचालयाला पाणी, अंगणवाडीची वीज, ही कामं पंचायतीच्या आराखड्यात घालता येतात. रेशनसाठी गावपातळीवर दक्षता समिती असते. तिने गोदामातून माल उतरताना हजर राहिलं तरी पुष्कळ होतं.

१०. मेंबरला स्वतःचा निधी मिळतो का? गावाकडे पैसा येतो तरी कुठून?

आमदार-खासदारांसारखा मेंबरला निधी नसतो. "माझ्या फंडातून करून देतो" असं कुणी मेंबर म्हणाला तर हसून पुढे जा.

गावाचा पैसा ढोबळमानाने तीन वाटांनी येतो. पहिली वाट स्वतःच्या उत्पन्नाची : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं, बाजाराची पावती. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. गावातल्या दिव्यांगांपैकी किती जणांना हे ५ टक्के माहीत आहेत, हे एकदा विचारून बघा. दुसरी वाट वित्त आयोगाची. १५व्या आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या पैशांत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, आणि ४० टक्के अबंधित असा हिशोब होता. तिसरी वाट वरच्या योजनांची : दलित वस्ती, ठक्कर बाप्पा (आदिवासी वस्त्यांसाठीची), आमदार निधी, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं "पंचवीस-पंधरा" (ग्रामविकासाच्या कामांचं सरकारी लेखाशीर्ष २५१५). हे कुठल्या गावाला मिळायचं ते वरूनच ठरतं.

"आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात कामाचं नाव असल्याशिवाय वित्त आयोगाचा पैसा त्यावर पडत नाही. आराखडा ग्रामसभेत ठरतो, म्हणून त्या एका सभेला गर्दी हवी. कशावर किती खर्च पडला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही मोबाइलवर दिसतं. मी हे गावातल्या पोरांना शिकवलं तेव्हा दोन-तीन जण माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. पोरं नव्हेत, कारभारी.

११. रस्त्याचं काम निकृष्ट चाललंय. मेंबर थांबवू शकतो का?

स्वतः जाऊन मिक्सर बंद पाडायचा अधिकार त्याला नाही. पण अंदाजपत्रक मागून घेता येतं, आणि ते तुम्हीही माहितीच्या अधिकारात घेऊ शकता. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. काँक्रीट ओतायच्या आधी कडेच्या फळीला उभी पट्टी लावली की जाडी कळते. फोटो तेव्हाच काढा, पट्टीसकट. नंतर डागडुजीचा थर पसरला की भांडण नुसतं शब्दांचं उरतं. लेखी तक्रार शाखा अभियंत्याकडे आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे, काम चालू असतानाच. मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल निघालं की गाडी मागे फिरवणं महाकठीण.

१२. मेंबरला पगार किती?

पगार नाही. सभेला हजर राहिल्याचा बैठक भत्ता असतो, त्यात महिन्याचं पेट्रोलही निघत नाही. सरपंच-उपसरपंचांना मानधन आहे. २०२४ च्या वाढीनंतर दोन हजार लोकसंख्येपर्यंतच्या गावात सरपंचाला महिना ६,००० रुपये, आठ हजारांपर्यंत ८,००० आणि त्यावर १०,०००. मग लोक लाखो उधळून निवडणूक का लढवतात, हा प्रश्नही मला येतो. त्याचं उत्तर प्रत्येक गाव आपापलं देईल.

१३. घरपट्टी थकली तर मेंबरपद जातं म्हणतात. आणि आमची थकली म्हणून दाखला अडवता येतो का?

पहिलं खरं आहे. मागणीचं बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर वसुली कशी झपाट्याने होते बघा.

दुसऱ्याचं उत्तर दाखला कोणता त्यावर आहे. "येणे बाकी नाही" हा दाखला थकबाकीदाराला मिळणारच नाही, उघड आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कायदा मात्र १९६९ चा वेगळा आहे, त्याचा घरपट्टीशी संबंध नाही.

वसुलीसाठी अडवणुकीपेक्षा गोडीगुलाबी चालते असं माझं मत आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं आणि ती गोष्ट राज्यभर गाजली.

१४. मेंबरच्या वडिलांनी गायरानात घर बांधलंय. मेंबर म्हणतो, "ते वडिलांचं, माझा संबंध नाही." चालेल?

तो त्याच घरात राहत असेल तर चालणार नाही. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलेला माणूस मेंबर राहू शकत नाही. अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं तरी त्यात राहून उपभोग घेणारा सुटत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. सोबत मोजणीचा नकाशा, नमुना ८, पंचनामा असं काहीतरी ठोस लागतं, नुसत्या तोंडी आरोपावर अपात्रता होत नाही.

ठेक्याचंही तसंच. पंचायतीच्या कामात मेंबरचा स्वतःचा किंवा भागीदारीतला हिस्सा निघाला तर पद जातं. ठेकेदार नुसता नात्यातला आहे एवढ्यावर भागत नाही, मेंबरचा हितसंबंध दाखवावा लागतो. तरी घरचं बिल मंजुरीला आलं की मेंबरने बाहेर जाऊन बसावं आणि तशी नोंद करून घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगत आलोय.

१५. आमची मेंबर बाई आहे, पण मिटिंगला नवराच येतो. हे कायद्यात बसतं का?

बसत नाही. निवडून ती आलीय, खुर्ची तिची, सही तिची. नवऱ्याला मासिक सभेत बसायचा, बोलायचा काही अधिकार नाही. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक गावचा आहे.

तक्रार करता येते, जरूर करा. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. आमच्या बॉडीत एक वहिनी होत्या. पहिले सहा महिने रजिस्टर घरी जायचं, चुलीपुढे सही व्हायची, परत यायचं. मग एका सभेला त्या आल्या होत्या तेव्हा उपसरपंच बाईंनी सहज रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "वहिनी, मागच्या सभेचं इतिवृत्त तुम्हीच वाचा, माझा चष्मा राहिला." अडखळत वाचलं. तिसऱ्या ठरावाला थांबल्या. "हे सूचक म्हणून माझं नाव लिहिलंय. मी कधी सुचवलं?" खोलीत कुणी काही बोललं नाही. त्यानंतर रजिस्टर त्यांच्या घरी गेलं नाही. चष्मा उपसरपंच बाईंच्या पर्समध्येच होता, हे मला पुढे कळलं.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो आणि सगळे जण तो "कायम, कायम" म्हणत उडवतात. नव्या मेंबरने, बाई असो की बाप्या, तिथेच थांबावं. एखादा ठराव पटत नसेल तर विरोध नावानिशी लिहून घ्या, मुकाट बसून राहिलात तर खाली "सर्वानुमते मंजूर" पडतं.

१६. भावकीतलं बांधाचं भांडण मेंबरने मिटवावं का?

मध्यस्थी करावी, निवाडा करू नये. बांध महसूलकडे, मारामारी पोलिसांकडे. गावात पोलीस पाटील असतो, तो १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमलेला असतो, निवडून आलेला नसतो. त्याला मेंबरने हुकूम द्यायचे नसतात आणि त्यानेही मेंबरच्या बाजूने झुकायचं नसतं. २००७ पासून तंटामुक्त गाव समित्या आल्या. जिथे अध्यक्षपद पॅनेलच्या वाटणीत गेलं नाही, तिथे त्यांनी खरंच कामं केली.

१७. गाव ठराव करून दारू बंद करू शकतं का? आणि जुन्या प्रथा?

परवाना असलेलं दुकान नुसत्या ठरावाने बंद होत नाही. त्याला आडव्या बाटलीची वाट आहे, म्हणजे मतदान : आडवी बाटली बंदीची खूण, उभी दुकान चालू ठेवण्याची. एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान लागतं, आणि आडव्या बाटलीला यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. आलेल्यांपैकी निम्मी नव्हे, यादीतल्या. कामाला बाहेर गेलेल्या, माहेरी गेलेल्या सगळ्या त्यात मोजल्या जातात, म्हणून मेंबरने आधी यादी घेऊन घरोघर फिरायला हवं. हातभट्टी तर बेकायदाच आहे, तिथे मतदान कशाला? पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाला लेखी कळवा.

प्रथांचं म्हणाल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने राज्यातल्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. अशा ठरावाने कुणाला शिक्षा करता येत नाही, पण मंगळसूत्र काढायला पुढे आलेला हात थबकतो.

उलट दिशेने मात्र ठराव नको. अमक्या घराशी बोलू नका, त्यांना दुकानातून माल देऊ नका, असलं काही ठरवलं तर तो सामाजिक बहिष्काराचा गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्यात त्याला तुरुंगवास आहे.

१८. मेंबर पुण्या-मुंबईला राहतो, गावात फिरकत नाही. किंवा सरपंच सभाच लावत नाही. काय करायचं?

पंचायतीची रजा न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलेल्या मेंबरचं पद जातं. पुरावा हजेरी रजिस्टरमध्येच असतो, म्हणून त्याच्या प्रती आधी मिळवा. सही नंतर "भरून" घेण्याचे प्रकार होतात. सरपंचाने पुरेसं कारण नसताना मासिक सभा किंवा ग्रामसभा टाळल्या तर त्याचंही पद धोक्यात येतं. आधी गटविकास अधिकारी, मग जिल्हाधिकारी. गैरवर्तन किंवा पैशाचा घोळ असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली काढून टाकण्याची कारवाई विभागीय आयुक्तांकडे चालते.

१९. मेंबर एकत्र येऊन सरपंचाला खाली खेचू शकतात का?

थेट निवडलेल्या सरपंचाला सहजासहजी नाही. थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. अविश्वास ठराव पहिल्या दोन वर्षांत आणि शेवटच्या सहा महिन्यांत आणता येत नाही. मधल्या काळात आणला तर तीन चतुर्थांश मेंबर लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. मेंबरला स्वतःला सोडायचं असेल तर राजीनामा सरपंचाकडे द्यायचा. रागाच्या भरात लिहून खिशात ठेवलेले राजीनामे मी बरेच पाहिलेत, दुसऱ्याच्या हाती पडून खरे ठरलेलेही.

२०. गाव बिनविरोध करताना "देवळाला इतके लाख देईल तो सरपंच" असं ठरलं. चालतं का?

नाही. बिनविरोध व्हायला हरकत नाही, पण जागेचा लिलाव हा निवडणुकीचा खून आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या लिलावाच्या बातम्या आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडच्या निवडणुका रद्द केल्या. देवळाचं नाव पुढे केलं म्हणून पैसा पवित्र होत नाही.

२१. आमचा पाडा आदिवासी भागात आहे. आम्हालाही हेच नियम?

बरेचसे, पण तुमची ग्रामसभा जास्त ताकदवान. पेसा कायदा (अनुसूचित, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा) १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, आणि १३ जिल्ह्यांतल्या अनुसूचित भागाला ते लागू. पाड्याची स्वतःची वेगळी ग्रामसभा असू शकते. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के अबंध निधी म्हणून येतात आणि ते कशावर खर्चायचे हे ग्रामसभा ठरवते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, एक जरी नाही म्हणाला तरी परत बसतात. अशा ठिकाणी मेंबरने सभेआधी निर्णय खिशात घालून येऊ नये.

२२. पंचायतीची मुदत संपली, निवडणूक लागली नाही, प्रशासक बसलाय. आता कुणाकडे जायचं?

मेंबर आता मेंबर नाही, त्याच्यावर रुसून उपयोग नाही. बॉडीचे अधिकार प्रशासकाकडे असतात. तो बहुतेक वेळा पंचायत समितीचा विस्तार अधिकारी असतो आणि त्याच्याकडे आणखी पाच-सहा गावं असतात. तो आठवड्यातून कोणत्या वारी येतो ते फलकावर लिहायला लावा. ग्रामसभा या काळातही भरतेच. अर्ज आणि पोच यांचं प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं सगळं तसंच लागू, फक्त ठरावाचा नंबर आता प्रशासकाला विचारायचा. आणि जुना मेंबर चांगला असेल तर त्याला सोबत घेऊन जा. कोणता कागद कुठल्या कपाटात आहे हे त्यालाच माहीत असतं.